वृषालीचे जंतू

सोनोग्राफीच्या पडद्यावर बाण सरकला, थांबला आणि कोपऱ्यात आकडा उमटला. पाच पूर्णांक नऊ.

डॉक्टर रेग्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

"सहासुद्धा नाही," ते म्हणाले. "अस्तर सात मिलिमीटरच्या वर गेल्याशिवाय मी भ्रूण सोडत नाही. या महिन्यातही थांबावं लागेल."

केतकी टेबलावर आडवी होती. ती छताकडे बघत राहिली. तिच्या उशाशी तिची थोरली नणंद उभी होती. वृषाली खवळे, वय एक्केचाळीस, सातवण्याच्या औषध कारखान्यात सांडपाणी विभागाची प्रमुख. भाऊ हेरंब बाहेर गाडीत बसला होता. दवाखान्याचा वास त्याला सहन होत नसे, आणि गेल्या दोन वर्षांत तो वास त्यांच्या घरात सगळ्यात जास्त ओळखीचा झाला होता.

हेरंब आणि केतकीचे दोन भ्रूण इथे गोठवून ठेवले होते. पहिला गर्भाशयात ठेवला होता, तो टिकला नाही. उरला एक. तो ठेवायचा तर आधी गर्भाशयाचं अस्तर जाड व्हायला हवं, आणि त्यासाठी इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाच्या गोळ्या. लागोपाठ तिसऱ्या महिन्यात त्या गोळ्यांनी काहीही केलं नव्हतं.

"दिवसातून तीन गोळ्या घेताय ना?" रेग्यांनी हातमोजे काढत विचारलं.

"हो."

"न चुकता?"

"हो, डॉक्टर."

"मग रक्तात दिसत का नाही? एवढ्या डोसवर तीनशेच्या पुढे आकडा हवा. तुमचा सत्तर आहे." ते मंद हसले. "मी रागावत नाही. कंटाळा येतो, मन खचतं, गोळी राहून जाते. पण मला खरं सांगितलंत तर बरं."

केतकीने वृषालीकडे पाहिलं. वृषाली रिपोर्ट वाचत होती. इस्ट्रोजेन कमी, ते तिला दिसलं होतं. पण तिची नजर तीन ओळी खाली अडकली होती. पुरुषी संप्रेरक मर्यादेच्या वर. आणि केतकीच्या हनुवटीवर गेल्या काही महिन्यांत उठलेले फोड, जे सगळ्यांनी काळजीच्या खात्यावर टाकले होते.

इस्ट्रोजेन खाली, पुरुषी संप्रेरक वर. हा आलेख वृषालीने आठ वर्षं जवळजवळ रोज पाहिला होता. बाईच्या रक्तात नव्हे, कारखान्याच्या टाकीत.

घरी आल्यावर हेरंब स्वयंपाकघरात गेला. पाणी प्यायला गेला असं वाटलं. वृषालीने दारातून पाहिलं, तो फ्रिजवर ठेवलेली गोळ्यांची पाकिटं काढून एकेक रिकामा खळगा बोटाने मोजत होता. केतकी त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती, आणि त्याला ते कळलं नव्हतं.

*

सातवण्याची खाडी एकदा मेली होती.

तिथल्या कारखान्यात संप्रेरकांच्या गोळ्या बनत. सांडपाणी नियमाप्रमाणे शुद्ध होऊन खाडीत जाई, पण नियमात इस्ट्रोजेनचं नाव नव्हतं. पाण्यात त्याचं प्रमाण इतकं थोडं होतं की मोजायचं यंत्रसुद्धा जिल्ह्यात नव्हतं. माशांना तेवढं पुरलं. गाबीतवाडीतल्या लोकांना आधी गंमत वाटली की जो मासा कापावा त्याच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, निघते. नरांच्याही पोटात. दोन वर्षांनी गंमत संपली, कारण पिल्लंच दिसेनात. जाळी वाळत पडली. तरणी माणसं मुंबई-गोव्याला गेली.

वृषाली त्याच वाडीतली. रसायनशास्त्र शिकून ती त्याच कारखान्यात लागली होती, आणि त्याबद्दल तिने वाडीत पुष्कळ ऐकून घेतलं होतं. इलाज तिला खारफुटीच्या मुळाशी, गुडघाभर काळ्या चिखलात सापडला.

इस्ट्रोजेन हा मोठा हट्टी रेणू. कार्बनची चार कडी एकमेकांना चिकटलेली, आणि त्यातलं पहिलं कडं तर असं पक्कं की सहजी तुटत नाही. उघड्यावरचे जंतू ते प्राणवायूच्या घावाने फोडतात. पण चिखलात प्राणवायू नसतो. तिथे हत्यारच नाही तर फोडायचं कशाने? वृषालीला सापडलेल्या जंतूने वेगळीच युक्ती काढली होती. तो त्या पक्क्या कड्यावर कार्बनचा एक छोटा तुकडा, मिथिल गट, नेऊन चिकटवी. एवढ्याने कड्याचा हट्ट मोडे. त्या क्षणी इस्ट्रोजेनचं रूप पालटून ते पुरुषी संप्रेरकासारखं होई. मग पाण्याचा रेणू घुसवून जंतू कडं उघडी, आणि पुढे एकेक तुकडा तोडत सगळ्याचं साध्या आम्लांत रूपांतर करी. श्वासाला प्राणवायूऐवजी तो नायट्रेट वापरी.

त्याची एकच अडचण होती. तो मिथिल गट उचलून न्यायला त्याला ब-बारा जीवनसत्त्व लागे, आणि ते त्याला स्वतः बनवता येत नसे. चिखलात शेजारचे जंतू पुरवत. टाकीत वृषाली पुरवू लागली, थेंब थेंब, एका पंपाने. परवानगीच्या अर्जात तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'टाकीबाहेर गेल्यास ब-बाराच्या अभावी हा जंतू उपाशी मरेल. हाच त्याचा लगाम आहे.' टाकीत मुद्दाम निवडून वाढवलेला हा वाण चिखलातल्या मूळ जंतूच्या दसपट वेगाने काम करी, म्हणून लगामाचा प्रश्न महत्त्वाचा होता.

तीन वर्षांत खाडी परतली. नर माशांच्या पोटातली गाबोळी गेली, बोय आली, काळुंदरं आली, वाळूत शिवल्या, म्हणजे छोटे शिंपले, इतक्या झाल्या की पायाला टोचू लागल्या. मच्छीमार सोसायटीने वृषालीला शाल-नारळ दिला. त्या दिवसापासून वाडीत सगळे त्यांना 'वृषालीचे जंतू' म्हणू लागले, घरातल्या गुणी पोरांविषयी बोलावं तसं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत कुणी यायच्या आधी वृषालीने पहिला नमुना तपासला. तो तिचा स्वतःचा होता.

नायट्रोजन भरलेल्या बंद बाटल्यांत तिने विष्ठेचा अंश घातला, मोजून इस्ट्रोजेन घातलं, आणि बाटल्या शरीराच्या तापमानाला ठेवल्या. अर्ध्या बाटल्यांत ब-बारा होतं, अर्ध्यांत नव्हतं. चौथ्या दिवशी ब-बारा नसलेल्या बाटल्यांतलं इस्ट्रोजेन होतं तेवढंच होतं. बाकीच्यांत शून्य.

ती खुर्चीवर बसली. वर्षभर तिची पाळी पुढेमागे होत होती. वय झालं, असं तिने स्वतःला सांगितलं होतं.

केतकीकडे नमुना मागताना तिने खोटं सांगितलं. "अशक्तपणा कशाने येतो ते बघू या, जंत आहेत का ते तपासते." केतकीने काही न विचारता डबी आणून दिली. ती आता कुणालाच काही विचारत नव्हती. तिच्या ब-बारा घातलेल्या बाटल्यांतलं इस्ट्रोजेन तर दोनच दिवसांत संपलं.

मग सगळं जुळत गेलं. पोटात गेलेली इस्ट्रोजेनची गोळी एकदाच रक्तात जाऊन संपत नाही. यकृत तिचा बराच भाग पित्तातून पुन्हा आतड्यात सोडतं, तिथून ती परत रक्तात येते, अशा फेऱ्या मारत ती दिवसभर पुरते. मोठ्या आतड्यात प्राणवायू नसतो. चिखलच तो. तिथे कुणी दबा धरून बसलं असेल तर दर फेरीला गोळी थोडी थोडी गायब होत जाणार, आणि तिच्या जागी पुरुषी संप्रेरकाचा अंश मागे राहणार. नायट्रेट विहिरीच्या पाण्यात होतंच, वरच्या अंगाला आंब्याच्या बागा आणि त्यांना घातलेली खतं. आणि जंतू आला कसा? गाळ उपसताना अंगावर उडतो, हात कितीही धुतले तरी नखाखाली राहतो. आठ वर्षं ती त्याच हातांनी घरात भाकऱ्या थापत होती, विहिरीची कळशी भरत होती, आणि गाळ उपसणारी बाकीची माणसंही तशीच आपापल्या घरी जात होती.

राहिला लगाम. केतकी कऱ्हाडची, माळकरी घरातली. लग्न होऊन आली तेव्हा तिचं ब-बारा इतकं कमी होतं की पहिल्याच तपासणीत डॉक्टरांनी रोजची मोठी गोळी लिहून दिली. त्यातलं शरीरात मुरतं थोडं, बाकी सगळं खाली आतड्यात उतरतं. शिवाय वृषालीने तिला मासळी खायला शिकवली होती. दर रविवारी ती स्वतः खाडीवर जाऊन शिवल्या आणी. "खा गं, अंगात रक्त भरेल," म्हणून तिच्या ताटात जास्तीचं सार वाढी. शिवल्यांइतकं ब-बारा दुसऱ्या कशातच नसतं.

*

"तुम्ही घरच्या दोन नमुन्यांवरून बोलताय, मॅडम," कारखान्याचे व्यवस्थापक नाचणे म्हणाले. त्यांनी तिची फाईल उघडली होती, पण पहिल्या पानापुढे गेले नव्हते. "आणखी चार गावांत आपली टाकी बसतेय. उद्घाटनाच्या पत्रिकेवर तुमचं नाव आहे."

"म्हणूनच सांगतेय. टाकी बंद करा असं मी म्हणत नाही. बाहेर जाणारं पाणी आणि गाळ निर्जंतुक करू. उकळत्या वाफेची एक पायरी वाढवायची. आणि गावातल्या बायकांची तपासणी."

"तपासणी कसली? 'तुमच्या पोटात आमचे जंतू आहेत का?' अशी?" नाचण्यांनी फाईल मिटली. "परवानगीच्या अर्जात काय लिहिलंय ते वाचलंत का परत? सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग?"

जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी तिला दोन तास बसवून दहा मिनिटं दिली. माणूस वाईट नव्हता. त्याने सगळं ऐकलं, एकदा "इंटरेस्टिंग" असंही म्हणाला. मग त्याने खण उघडून एक छापील कागद काढला. किमान दोनशे नमुने, नीतिमत्ता समितीची मान्यता, संमतिपत्रं, नमुने गोळा करणारी संस्था कारखान्याशी संबंधित नसावी.

"मी कारखान्यात नोकरी करते."

"तेच तर. तुम्हाला हे करताच येणार नाही."

"मग कोण करणार?"

"तसा प्रस्ताव यायला हवा," तो म्हणाला.

"कुणाकडून?"

त्याने फोन वाजल्याचं निमित्त केलं.

तिने डॉक्टर रेग्यांना गाठलं. गोळीऐवजी कातडीवर चिकटवायची इस्ट्रोजेनची पट्टी द्या, एवढंच तिचं मागणं होतं. पट्टीतलं औषध कातडीतून थेट रक्तात जातं, आतड्यातून त्याचा पहिला प्रवास होतच नाही, आणि सोबत ब-बाराची गोळी बंद करून इंजेक्शन दिलं तर जंतू उपाशी पडतील.

"गोळी खाणारे जंतू," रेगे म्हणाले. "वीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. पेशंट गोळी घेत नाही, हे मला हजार वेळा दिसलंय. जंतूने गोळी खाल्ल्याचं एकदाही नाही."

"तुम्ही बघितलंच नाहीत तर दिसणार कसं?"

"तुम्ही पेशंट आहात का?" त्यांनी शांतपणे विचारलं. "नाही ना? मग पेशंटला पाठवा."

सोसायटीचे चेअरमन वसंतकाका तिला बंदरावर भेटले. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. ते होडीच्या कडेवर बसून जाळं सांधत होते. मान वर न करता म्हणाले, "खाडयेत मासो इलो तो तुझ्यामुळा. माजो झिल मुंबैसून परत इलो तो तुझ्यामुळा. आता तूच सांगतंस टाकयेत खोट आसा म्हणान?"

"मासा चांगला आहे काका. शिजवला की काही राहत नाही. पाण्याचं बोलतेय मी."

"लोकांका पाणी आनि मासो येगळो करूक येता? उद्या बाजारात एक बाय म्हणतली, सातवण्याचो मासो नको गे बाये. मग?" त्यांनी सुई जाळ्यात खुपसली. "आमका परत उपाशी घालू नको, पोरी."

टाकीचा पंप तिच्या हातात होता. ब-बारा बंद केलं की आठवड्यात टाकी मरणार, आणि दोन वर्षांत खाडी. आणि तरीही केतकीच्या पोटातले जंतू जिवंतच राहणार, विहिरीतले राहणार. बंद करूनही काही सुटत नव्हतं, चालू ठेवूनही नाही. तिला कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि ज्याच्यावर ओरडावं तो प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर होता.

*

तीन आठवडे असे गेले. रविवारी दुपारी केतकी विळीवर बसून शिवल्या फोडत होती. वृषाली आता खाडीवर जात नव्हती, म्हणून शेजारणीने आणून दिल्या होत्या. दर शिंपल्यात पातं घालून ती मांस असलेलं अर्धं शिंपलं वाटीत टाकी, रिकामं बाजूला. हात सराईत झाले होते.

"केतकी, त्या राहू देत," वृषाली म्हणाली. "मला काही सांगायचंय."

तिने सगळं सांगितलं. सोपं करून, पण काही न गाळता. टाकी, गाळ, स्वतःचे हात, कळशी, शिवल्या, ब-बाराची गोळी. बाटल्या. केतकी ऐकत होती. मधेच तिने विळी मिटून बाजूला ठेवली.

"म्हणजे मी गोळ्या घेत होते," ती म्हणाली.

"हो. तू घेत होतीस."

"आणि त्या रक्तात जात नव्हत्या."

"जात होत्या, पण टिकत नव्हत्या. यात तुझी काहीच चूक नाही, केतकी. चूक असेल तर माझी."

केतकीने पदराला हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली.

"तुम्हाला हे कधी कळलं, ताई?"

वृषालीला हाच प्रश्न नको होता. "संशय त्याच दिवशी आला. दवाखान्यात."

"आणि खात्री?"

"आठवड्याभरात."

"म्हणजे दोन आठवडे झाले." केतकीचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "दोन आठवडे यांनी माझ्याशी धड बोलणं केलं नाही. रोज सकाळी मी यांच्यासमोर गोळी जिभेवर ठेवते आणि तोंड उघडून दाखवते, माहितीये तुम्हाला? यांनी सांगितलं नव्हतं. मीच सुरू केलं. माझा मलाच संशय यायला लागला होता. वाटायचं, झोपेत मी त्या टाकून तर देत नाही?"

"मी साहेबांशी बोलत होते, डॉक्टरांशी बोलत होते. आधी पक्कं करून मग..."

"सगळ्यांशी बोललात. जंतू माझ्या पोटात आहेत, आणि मी सोडून सगळ्यांशी बोललात." ती उठली. "डबीसुद्धा खोटं सांगून घेतलीत."

वृषालीने तिचा हात धरायला हात पुढे केला. केतकीने आपला हात मागे घेतला. त्यात राग होता की नुसती भीती, हे वृषालीला कळेना. आठ वर्षांत पहिल्यांदाच कुणी तिच्या हातांकडे असं बघत होतं.

संध्याकाळी तिने हेरंबला सांगितलं. तो ऐकून ओसरीच्या पायरीवर बसला. "मी पाकिटं मोजली," तो म्हणाला. एवढंच. दोनदा.

*

केतकी दुसऱ्या दिवशी एकटी दवाखान्यात गेली. ताईंनी यायचं नाही, असं तिने हेरंबकडून निरोप पाठवून सांगितलं, जरी वृषाली शेजारच्याच खोलीत होती. तिथे काय झालं ते नंतर हेरंबकडून कळलं. केतकीने बाटल्यांचे आकडे लिहिलेला कागद रेग्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "पट्टी द्या. माझ्या अंगावर तुम्ही स्वतः चिकटवा. निघाली की तुम्ही स्वतः बदला. मग तरी मी खोटी ठरणार नाही." रेग्यांनी पट्टी दिली. पटलं म्हणून दिली की कटकट मिटावी म्हणून, कोण सांगणार. ब-बाराच्या गोळ्या थांबल्या. विहिरीऐवजी ती बाटलीतलं पाणी पिऊ लागली.

तेराव्या दिवशी अस्तर आठ पूर्णांक चार होतं.

वृषालीने ते हेरंबच्या तोंडून ऐकलं आणि परसात जाऊन उभी राहिली. आठ पूर्णांक चार. तिचं म्हणणं सिद्ध झालं होतं. आनंद मात्र झाला नाही. एवढं सोपं होतं. तीन महिने आधी कुणी केतकीचं ऐकलं असतं, बघितलं असतं, तर एवढंच करायचं होतं.

शेवटचा भ्रूण ठेवला गेला. बारा दिवसांनी रक्ततपासणी झाली, आणि ती कोरी आली.

"अस्तर उत्तम होतं," रेगे म्हणाले. "असं होतं कधी कधी. कारण सांगता येत नाही."

खरंच सांगता येत नव्हतं. भ्रूणच कमकुवत असेल. रक्तातलं ते पुरुषी संप्रेरक अजून पुरतं उतरलं नसेल. किंवा हे असंच व्हायचं असेल. वृषालीने सगळे कागद पुन्हा तपासले, आकडे पुन्हा मांडले, आणि प्रत्येक वेळी त्याच जागी येऊन थांबली जिथे विज्ञानाला बोलायला काही नसतं. तिला तेवढं जरी कळलं असतं, आपल्यामुळेच गेला असं ठरलं असतं, तरी तिने ते झेललं असतं. तेही नाही.

केतकी कऱ्हाडला माहेरी गेली. जाताना सगळ्यांना नमस्कार केला. वृषालीच्या पायांपर्यंत वाकली, हात लावला नाही.

*

वृषालीने नोकरीचा राजीनामा दिला. कारखान्याशी संबंध नको होता ना, नाही उरला. तिच्या जागी आलेल्या माणसाने पंप चालू ठेवला, आणि त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. शहरातल्या एका महाविद्यालयाच्या प्राध्यापिकेने समितीची मान्यता काढून दिली, त्यात चार महिने गेले. मग वृषाली दोनशे नमुन्यांसाठी घरोघर फिरू लागली.

बायका चहा देत. नमुना देत नसत. "इश्श, हे काय मागता!" कुणी म्हणे. कुणी हळूच विचारी, "गावात नाव कळेल का?" कुणाच्या घरात सासू मधे पडे, कुणाच्या नवरा. ज्या वाडीने तिला शाल दिली तिथली दारं तिला बघून ओढली जात. दोन महिन्यांत तिच्याकडे अकरा नमुने जमले. त्यातल्या सात जणींत जंतू होता.

फोन आला तेव्हा ती रस्त्याच्या कडेला पुलाच्या कठड्यावर बसून पाणी पीत होती. केतकीचं नाव पडद्यावर पाहून तिला आधी उचलायचाच धीर झाला नाही.

"अकराच झाले म्हणे," केतकी म्हणाली. नमस्कार नाही, काही नाही. "हेरंब सांगत होते."

"हो."

"तुम्ही चुकीच्या ठिकाणी जाताय. घरात कुणी बोलणार नाही. रेग्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर मी दोन वर्षं बसलेय, ताई. तिथे सगळ्या एकमेकींची नावं विसरतात, पण आकडे विसरत नाहीत. कुणाचं पाच, कुणाचं साडेपाच. 'गोळ्या नीट घ्या' हे किती जणींना ऐकवलंय ते मला माहितीये. त्यातल्या तेवीस जणींचे नंबर आहेत माझ्याकडे. सगळ्यांशी बोललेय. त्या अजून त्यांच्या ओळखीच्या बघतायत."

"केतकी, मी..."

"मी हे तुमच्यासाठी करत नाही," केतकी म्हणाली. "डब्या पाठवा. कऱ्हाडला नको, हेरंबकडे द्या. सोमवारी मी परत येतेय."

दोनशे चौदा नमुने व्हायला पावसाळा उलटला. एकशे नव्वद झाले तेव्हा केतकी आणि वृषाली एकाच टेबलावर बसून नावांऐवजी क्रमांक चिकटवत होत्या. बोलणं कामापुरतंच होई. दोघींनी हातमोजे घातलेले असत. दोनशे चौदांपैकी सत्त्याऐंशी जणींत जंतू निघाला. संमतिपत्रं, मान्यता, बाटल्यांचे आकडे, सगळं नियमाप्रमाणे बांधून त्या जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात घेऊन गेल्या. निकाल ऐकायला नमुने दिलेल्यांपैकी तीसेक जणी आपणहून आल्या होत्या. काही जणी नवऱ्याला खोटं सांगून, काही नवऱ्याला घेऊन.

बाहेरच्या टेबलावरच्या कारकुनाने गठ्ठा उचलून पाहिला, वजन केल्यासारखा. "साहेब दौऱ्यावर आहेत. आवक विभागात द्या. सोमवारी या."

"आज वेळ दिली होती," वृषाली म्हणाली.

"दिली असेल हो. आता नाहीत ना. पुढच्या बैठकीत विषय घेऊ."

हे वाक्य वृषालीने वर्षभरात इतक्या वेळा ऐकलं होतं की पाय आपोआप दाराकडे वळले. गठ्ठा पुन्हा काखेत घेऊन ती निघालीसुद्धा.

केतकी निघाली नाही. तिने व्हरांड्यातल्या लांब बाकावरची धूळ हाताने झटकली, साडी सावरली आणि बसली. मागे उभ्या असलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक जण तिच्या शेजारी बसली, मग दुसरी. बाक भरला तेव्हा उरलेल्या खाली फरशीवर, भिंतीला टेकून, चपला बाजूला काढून बसू लागल्या. कारकून उभा राहिला.

"अहो, इथे असं बसता येत नाही."

"साहेबांना फोन लावा," केतकी म्हणाली. "आम्हाला घाई नाही. वाट बघायची आम्हाला सवय आहे."

मग तिने दारापाशी थबकलेल्या वृषालीकडे पाहिलं. बाकावर जागा उरली नव्हती. केतकी शेजारणीच्या बाजूला थोडी सरकली, वीतभर जागा झाली, आणि त्या जागेवर तिने हात ठेवला.

"बसा, ताई."

वृषाली बसली. दोघींचे खांदे एकमेकींना टेकले होते. आत कारकून फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलू लागला होता.